मुलूखमैदान तोफ आणि तिला साजेसा दारूगोळा : निजामशाही तोफखान्याच्या संदर्भात एक विचार

मराठीत घणाघाती वक्त्याला ‘मुलूखमैदान तोफ’ म्हणण्याची रीत रूढ आहे. या वाक्प्रचारामागची मूळ तोफ आज विजापूरच्या बुरुजावर असली, तरी तिचा जन्म अहमदनगरचा. बुऱ्हाण निजामशहा पहिला याच्या कारकीर्दीत, हिजरी ९५६ म्हणजे इ. स. १५४९ मध्ये, महंमद बिन हुसेन रूमी या कारागिराने ती ओतली. शहाचे व कारागिराचे नाव तोफेवरील लेखांत कोरलेले आहे. अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्याच्या इतिहासलेखनात तोफेच्या आकाराचे व वजनाचे कौतुक भरपूर आढळते. परंतु तिच्यात नेमके काय भरले जात असावे, या प्रश्नाची चर्चा क्वचितच होते. वस्तुतः शस्त्राची योग्यता त्याच्या दारूगोळ्यावाचून ठरत नाही. प्रस्तुत लेखात याच अंगाने विचार केला आहे.

तोफेची लांबी सुमारे ४.४५ मीटर, बाह्य व्यास सुमारे दीड मीटर आणि तोंडाचा आतील व्यास सुमारे ७० सेंटिमीटर आहे. वजनाबाबत ४० टनांपासून ५५ टनांपर्यंतचे आकडे दिले जातात. मापांवरून हिशेब केला, तर दुसरा आकडा अधिक सयुक्तिक वाटतो. तोंडाचा आकार हत्तीला जबड्यात धरणाऱ्या सिंहाचा आहे. लांबी ही आतील व्यासाच्या जेमतेम साडेसहा पट भरते. लांब नळीच्या, दूरवर सपाट मारा करणाऱ्या तोफांच्या जातीची ही नव्हे. आखूड आणि रुंद तोंडाची ही तोफ जवळच्या माऱ्याला अधिक अनुकूल होती.

धातूचा विचार यापेक्षा महत्त्वाचा. तोफेच्या मिश्रधातूत तांबे सुमारे ८० टक्के व कथील सुमारे २० टक्के असल्याचे सांगितले जाते. हे प्रमाण घंटेच्या धातूचे होय. तोफेवर ठोकले असता घंटेसारखा नाद उमटतो, तो त्यामुळेच. तोफांसाठी मात्र सामान्यतः कथिलाचे प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास ठेवीत. कथील वाढले की धातू कठीण होतो, पण त्याबरोबर ठिसूळही होतो. मोठ्या दाबाखाली तो ताणला न जाता तडकण्याचा धोका असतो. रूमीने तोफेची भिंत सुमारे ४० सेंटिमीटर जाड ठेवली, त्यामागे ही जाणीव असणे शक्य आहे.

आता गोळ्याकडे वळू. नळीत थोडी मोकळीक सोडून ६८ सेंटिमीटर व्यासाचा गोळा धरला, तर काळ्या पाषाणात त्याचे वजन सुमारे ४७० किलो भरते. तोच गोळा ओतीव लोखंडाचा केला तर जवळजवळ १,१८० किलो. लोखंडी गोळा फेकण्यास बार कितीतरी वाढवावा लागला असता आणि ठिसूळ धातूवरील दाबही त्या मानाने वाढला असता. दगडी गोळा हलका. तो कमी दारूत सुटतो, आणि दख्खनमध्ये पाषाणाची व पाथरवटांची वाण कधीच नव्हती. तटबंदीवर मारा करण्यासाठी या तोफेला दगडी गोळाच साजेसा होता, असे अनुमान करण्यास हरकत नाही. तथापि असा प्रत्येक गोळा घडवायला वेळ लागतो, आणि चालून येणाऱ्या घोडदळापुढे एकटा गोळा कितीही मोठा असला तरी फारसा उपयोगी पडत नाही.

येथे २३ जानेवारी १५६५ च्या तालिकोट लढाईचा दाखला येतो. फरिश्त्याच्या वृत्तांतानुसार हुसेन निजामशहाच्या मध्यभागी लहानमोठ्या ६०० तोफा तीन रांगांत मांडल्या होत्या आणि त्यांची व्यवस्था चलबी रूमीखानाकडे होती. पुढे दोन हजार परदेशी तिरंदाज उभे करून तोफा झाकल्या होत्या. शत्रू जवळ येताच तिरंदाज मागे सरले आणि तोफा सुटल्या. विजयनगरच्या सैन्याने पुन्हा चढाई केली, तेव्हा तोफांत तांब्याच्या नाण्यांच्या पिशव्या भरलेल्या होत्या. त्या माऱ्याने तोफांच्या तोंडाशीच पाच हजारांहून अधिक माणसे पडली, असे फरिश्ता सांगतो. आकडा जसाच्या तसा घेणे धाडसाचे होईल. पण युक्ती समजण्याजोगी आहे. नाणे चपटे असल्याने हवेत त्याचा वेग लवकर मंदावतो, दूरवर ते निरुपयोगी ठरते. जवळच्या अंतरावर मात्र शेकडो तुकडे एकदम पसरतात. पिशवीमुळे ते नळीबाहेर पडेपर्यंत एकत्र राहतात, आणि मऊ तांब्याने नळीस इजाही कमी होते. शिवाय छावणीत तांब्याची नाणी आयती असत. शिपायांच्या हाती पडावयाचा पैसा त्या दिवशी शत्रूच्या अंगावर गेला, एवढेच.

मुलूखमैदान तोफ स्वतः तालिकोटला होती काय? परंपरा होय म्हणते, आणि पुढे नाण्यांची कथा सर्वस्वी याच तोफेशी जोडली गेली. परंतु फरिश्त्याचे कथन तोफखान्याबद्दल आहे, एका तोफेबद्दल नव्हे. पन्नास टनांची तोफ नदीकाठच्या मैदानी लढाईसाठी एवढ्या दूर ओढून नेणे अशक्य नसले तरी अत्यंत जिकिरीचे होते. ठिकाण परंपरेचे असो वा नसो, आखूड व रुंद नळीची ही तोफ पिशवीतील माऱ्याला योग्य होती, हे तिच्या मापांवरूनच दिसते.

नाण्यांच्या माऱ्याची आठवण अहमदनगरात आणखी एका प्रसंगाशी निगडित आहे. १५९५-९६ मध्ये शाहजादा मुरादने किल्ल्यास वेढा घातला असता चांदबिबीने सुरुंग निकामी करविले, आणि एका सुरुंगाने तट ढासळला तेव्हा स्वतः खिंडारात उभे राहून तो रात्रीत बांधून काढविला. गोळे संपल्यावर तिने प्रथम तांब्याची, मग चांदीची, मग सोन्याची नाणी आणि शेवटी जवाहीर तोफांत भरले, अशी कथा दख्खनमध्ये प्रसिद्ध असल्याचे एल्फिन्स्टनने नमूद केले आहे. तांब्याची पायरी तालिकोटच्या दाखल्यामुळे विश्वसनीय वाटते. पुढच्या पायऱ्या लोकस्मृतीने चढविल्या असाव्यात. वेढ्यातील निकराचे मोजमाप तिने धातूंच्या किमतीत केले.

तोफ पुढे परांड्याच्या किल्ल्यात गेली. १६३२ मध्ये मुरार पंडिताने ती विजापूरला नेली आणि १६८६ मध्ये शहर जिंकल्यावर औरंगजेबाने तिच्यावर आपला लेख कोरविला. १८५४ मध्ये इंग्रजी अंमलात ती लिलावात काढली गेली, तेव्हा सर्वाधिक बोली १५० रुपयांची आली. विक्री अखेर रद्द झाली आणि तोफ बुरुजावरच राहिली.