महाड–पोलादपूर परिसरातील रुग्णसेवा आणि परिचारिकांचे पदव्युत्तर चिकित्सा-प्रशिक्षण : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रास्ताविक

रायगड जिल्ह्याच्या इतिहासलेखनात महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांचे स्थान प्रामुख्याने राजकीय व सामाजिक घटनांमुळे निश्चित झाले आहे. किल्ले रायगड, उमरठचे तानाजी मालुसरे, पोलादपूरची कवींद्र परमानंदांची समाधी आणि २० मार्च १९२७ रोजीचा चवदार तळ्याचा सत्याग्रह यांवर विपुल लेखन झाले आहे. त्या तुलनेत या परिसराच्या आरोग्याचा इतिहास उपेक्षित राहिला आहे. वस्तुतः आधुनिक वैद्यकाच्या जागतिक वाङ्मयात महाडचे नाव एका महत्त्वाच्या संशोधनाशी कायमचे जोडले गेले आहे. ते संशोधन म्हणजे लाल विंचवाच्या दंशावरील उपचारपद्धती होय.

दुसरीकडे, परिचारिकांना रुग्णतपासणी, निदान व उपचार यांत अधिक अधिकाराची भूमिका द्यावी आणि त्यासाठी पदव्युत्तर प्रशिक्षण असावे, ही चर्चा आपल्या देशात गेल्या काही वर्षांत पुढे आली आहे. वरवर पाहता या दोन विषयांचा संबंध दिसत नाही. मात्र महाडच्या अनुभवाच्या प्रकाशात परिचारिका-शिक्षणाचा इतिहास तपासला असता त्या शिक्षणातील एक मूलभूत उणीव स्पष्ट होते. तिचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१. महाराष्ट्रातील परिचारिका-शिक्षणाच्या विकासाचे प्रमुख टप्पे पाहणे.
२. महाड परिसरातील विंचूदंशावरील संशोधनातून शुश्रूषेच्या स्वरूपाविषयी काय निष्पन्न होते, याचा विचार करणे.
३. पदव्युत्तर चिकित्सा-प्रशिक्षणाची या डोंगराळ भागाच्या संदर्भातील आवश्यकता तपासणे.

परिचारिका-शिक्षणाची वाटचाल

मुंबई इलाख्यात परिचारिकांच्या पद्धतशीर प्रशिक्षणाचा आरंभ एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झाला. १८८६ मध्ये सुरू झालेले मुंबईचे कामा रुग्णालय या दृष्टीने महत्त्वाचे ठरले. १९०९ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सेवासदनाने रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली ससून रुग्णालयाच्या साहाय्याने हिंदू स्त्रियांना, विशेषतः विधवांना, परिचर्येचे शिक्षण मिळवून दिले. त्या काळी हे धाडसाचे पाऊल होते. परक्या रुग्णाचा देह, रक्त आणि मलमूत्र यांचा स्पर्श ज्या व्यवसायात अटळ आहे, त्या व्यवसायाकडे उच्चवर्णीय कुटुंबे दीर्घकाळ तुच्छतेने पाहत होती. पाण्याला कोणी स्पर्श करावा यासाठी ज्या महाडात संघर्ष करावा लागला, तेथील अभ्यासकाला या दृष्टिकोनाचे मूळ वेगळे सांगण्याची गरज नाही. परिचारिकेच्या कामाला ‘हलके’ मानण्याची वृत्ती आणि तिच्या ज्ञानाला अधिकार न देण्याची वृत्ती यांचा उगम बऱ्याच अंशी एकच आहे.

१९३५ च्या मुंबई इलाख्यातील कायद्याने परिचारिका, सुईणी व आरोग्य अभ्यागत यांच्या नोंदणीची व्यवस्था केली. १९४६ च्या भोर समितीच्या अहवालाने प्रशिक्षित परिचारिकांच्या तीव्र टंचाईकडे लक्ष वेधले. त्याच वर्षी दिल्ली व वेल्लोर येथे परिचर्येचे पदवी शिक्षण सुरू झाले. १९४७ मध्ये भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला. दिल्लीच्या राजकुमारी अमृत कौर परिचर्या महाविद्यालयात १९५९ मध्ये पदव्युत्तर, तर १९८६ मध्ये एम.फिल. अभ्यासक्रम सुरू झाला. मुंबईत श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाचे लीलाबाई ठाकरसी परिचर्या महाविद्यालय १९६४ मध्ये स्थापन झाले. १९९८ मध्ये नाशिक येथे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाल्यानंतर राज्यातील परिचर्या महाविद्यालये एका छत्राखाली आली.

ही वाटचाल निश्चितच गौरवास्पद आहे. परंतु तिची दिशा लक्षात घेणे आवश्यक आहे. पदव्युत्तर पदवीधारक परिचारिका प्रामुख्याने अध्यापनाकडे वळल्या, कारण महाविद्यालयांना तशा अर्हतेच्या अध्यापिकांची गरज होती. शासकीय रुग्णालयातील अधिपरिचारिका सेवाज्येष्ठतेने परिसेविका आणि पुढे अधिसेविका होते. या प्रत्येक बढतीबरोबर तिचे प्रशासकीय काम वाढते व प्रत्यक्ष रुग्णशय्येजवळचे काम कमी होते. म्हणजेच ज्ञान वाढले की वर्गात जायचे आणि अनुभव वाढला की कार्यालयात जायचे, अशी ही रचना आहे. अधिक शिकलेली परिचारिका रुग्णाजवळच राहील आणि अधिक जबाबदारीने निर्णय घेईल, असा तिसरा मार्ग या रचनेत आखलेलाच नव्हता.

बिरवाडीचा अनुभव

या तिसऱ्या मार्गाचे महत्त्व समजून घेण्यासाठी महाड तालुक्यातील बिरवाडीकडे वळावे लागते. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ मध्ये बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणात लाल विंचवाचा दंश ही नित्याची बाब होती. भातशेतीत, गवताच्या भाऱ्यात, घराच्या दगडी जोत्यात विंचू आढळत. रुग्ण आधी मांत्रिकाकडे नेला जाई आणि मग केंद्रात पोहोचे. अनेक रुग्ण, विशेषतः लहान मुले, फुफ्फुसांत पाणी साठून दगावत. त्या वेळच्या पाठ्यपुस्तकांत या मृत्यूंचे समाधानकारक स्पष्टीकरण नव्हते व प्रचलित औषधांचा उपयोग होत नव्हता.

डॉ. बावस्करांनी रुग्णाच्या शेजारी तासन् तास बसून निरीक्षणे नोंदविली. वारंवार उलट्या, अंगाला दरदरून घाम, हातपाय थंडगार पडणे, प्रथम वाढलेला रक्तदाब, नंतर हृदयाची वाढती गती आणि अखेर फुफ्फुसांत साठणारे पाणी, हा क्रम त्यांनी ओळखला. ही निरीक्षणे १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. रक्तवाहिन्यांच्या आकुंचनावर काम करणारे प्राझोसिन हे औषध या अवस्थेत प्रभावी ठरते, हे त्यांनी १९८६ मध्ये त्याच नियतकालिकातून मांडले. त्यांनी नोंदविल्याप्रमाणे, पूर्वी गंभीर रुग्णांत सुमारे ३० टक्क्यांपर्यंत असलेले मृत्यूचे प्रमाण या उपचारानंतर एक-दोन टक्क्यांपर्यंत खाली आले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री प्रदान करण्यात आली.

या घटनेकडे सामान्यतः एका निष्ठावान डॉक्टरची यशोगाथा म्हणून पाहिले जाते, आणि ते योग्यच आहे. तथापि इतिहासाच्या अभ्यासकाने आणखी एक प्रश्न विचारला पाहिजे. हे संशोधन कोणत्या प्रकारच्या कामातून उभे राहिले? त्यामागे प्रयोगशाळा नव्हती, महागडी यंत्रे नव्हती. नाडी, रक्तदाब, श्वसन, त्वचेची ऊब यांची अखंड नोंद हाच त्याचा पाया होता. डॉ. बावस्करांच्या उपचारविषयक सूचनांतही पहिले तीन तास दर अर्ध्या तासाने, पुढील सहा तास दर तासाला आणि त्यानंतर प्रकृती सुधारेपर्यंत दर चार तासांनी रुग्णाची तपासणी करावी, असे सांगितले आहे. हे काम स्वरूपाने शुश्रूषेचे आहे. बिरवाडीत निरीक्षण, शास्त्रीय ज्ञान आणि निर्णयाचा अधिकार या तिन्ही गोष्टी एका व्यक्तीच्या ठिकाणी एकत्र आल्या. म्हणूनच ते कार्य घडले. परिचारिकेकडे यांपैकी पहिली गोष्ट नेहमीच असते. दुसरी अपुरी दिली जाते आणि तिसरी सहसा दिलीच जात नाही.

येथे एक आक्षेप संभवतो. प्राझोसिन ही साधी गोळी आहे, मग तिच्यासाठी पदव्युत्तर प्रशिक्षण कशाला? एक छापील सूचनापत्रक पुरेसे नाही काय? याचे उत्तर महाडमध्येच झालेल्या पुढील संशोधनात सापडते. २०११ मध्ये डॉ. हिंमतराव व डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये ७० रुग्णांच्या तुलनात्मक अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. प्राझोसिनसोबत विंचूदंशावरील प्रतिविष दिलेल्या ३५ रुग्णांपैकी ३२ रुग्ण दहा तासांत बरे झाले. केवळ प्राझोसिन दिलेल्या ३५ पैकी ८ रुग्णच तेवढ्या वेळात बरे झाले. म्हणजे उपचार बदलत असतात. प्राझोसिन घेतलेला रुग्ण एकदम उठून बसल्यास त्याचा रक्तदाब घसरू शकतो. प्रतिविषाची तीव्र प्रतिक्रिया येऊ शकते. अशा वेळी काय करावे हे पत्रक सांगू शकत नाही. त्यासाठी शरीरक्रिया व औषधशास्त्र यांची जाण आणि दीर्घ प्रत्यक्ष सराव लागतो.

भूगोल आणि वेळेचा प्रश्न

महाड–पोलादपूरच्या बाबतीत हा प्रश्न अधिक तीव्र होतो, याचे कारण भूगोल आहे. आंबेनळी, वरंध व कशेडी या घाटांनी वेढलेल्या या प्रदेशात अनेक वाड्या मुख्य रस्त्यापासून दूर डोंगरउतारावर आहेत. जिल्ह्याचे ठिकाण असलेले अलिबाग महाडपासून सुमारे शंभर किलोमीटरवर आहे. गंभीर रुग्णाला पुढे पाठविणे हीच येथील रूढ व्यवस्था होय. पण पावसाळ्यात ती व्यवस्था अनेकदा कोलमडते. जुलै २००५ मध्ये महाड तालुक्यातील दासगाव, जुई, रोहण व कोंडिवते येथे दरडी कोसळून दीडशेहून अधिक लोक मृत्युमुखी पडले. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्री नदीवरील ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला. २२ जुलै २०२१ रोजी तळिये येथे दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्याच वेळी महाड शहर पुराच्या पाण्याखाली होते आणि पोलादपूर तालुक्यातही दरडी कोसळल्या होत्या. अशा वेळी ‘पुढे पाठवा’ या सूचनेला अर्थ उरत नाही. रुग्णाजवळ जी व्यक्ती आहे, तिचे ज्ञान आणि तिचा अधिकार एवढेच रुग्णाचे भांडवल असते. बहुतेक वेळा ती व्यक्ती परिचारिका असते.

अन्यत्रचे दाखले आणि भारतातील अलीकडील बदल

परिचारिकेला चिकित्सेचा अधिकार देण्याची कल्पना अन्यत्रही डॉक्टरांच्या टंचाईतूनच आकारास आली. १९६५ मध्ये अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड या परिचर्या-अध्यापिकेने व हेन्री सिल्व्हर या बालरोगतज्ज्ञाने ‘नर्स प्रॅक्टिशनर’चा पहिला अभ्यासक्रम सुरू केला. आरोग्यसेवेपासून वंचित असलेल्या मुलांची गरज हे त्यामागील प्रमुख कारण होते. महाराष्ट्रातही तत्सम विचाराचा दाखला आहे. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी गावातील स्त्रियांना नवजात अर्भकांच्या जंतुसंसर्गावर इंजेक्शनसह उपचार करण्याचे प्रशिक्षण दिले. त्यामुळे अर्भकमृत्यू घटल्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. योग्य प्रशिक्षण, मर्यादित अधिकार आणि सातत्यपूर्ण देखरेख असेल तर डॉक्टर नसलेली व्यक्तीही जीव वाचवू शकते, हे त्यातून सिद्ध झाले.

भारतीय परिचर्या परिषदेने २०१६–१७ च्या सुमारास अतिदक्षता सेवेतील ‘नर्स प्रॅक्टिशनर’ हा दोन वर्षांचा निवासी पदव्युत्तर अभ्यासक्रम आखला. त्यात सुमारे २० टक्के भाग सैद्धांतिक व ८० टक्के भाग प्रत्यक्ष रुग्णसेवेचा आहे. पूर्वीच्या पदव्युत्तर शिक्षणाच्या तुलनेत ही दिशाच वेगळी आहे. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणानेही या भूमिकेचा पुरस्कार केला. २०१८ मध्ये प्रसूतिसेवेसाठी अशा परिचारिका घडविण्याची मार्गदर्शक तत्त्वे आली. उपकेंद्रांच्या पातळीवर समुदाय आरोग्य अधिकारी हे पद निर्माण झाले. महाराष्ट्रात त्या पदावर आयुर्वेद पदवीधरांबरोबर परिचर्या पदवीधरही नेमले गेले. त्यांचे प्रशिक्षण मात्र सहा महिन्यांचे आहे. २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याच्या कलम ३२ ने मर्यादित औषधोपचाराचा परवाना देण्याची तरतूद केली, तेव्हा डॉक्टरांच्या संघटनेने तिला तीव्र विरोध केला. २०२३ मध्ये राष्ट्रीय परिचर्या व प्रसाविका आयोगाचा कायदा संमत झाला.

डॉक्टरांच्या विरोधामागील शंका सर्वस्वी निराधार नाही. ग्रामीण जनतेला दुय्यम दर्जाची सेवा मिळेल, ही भीती गांभीर्याने घेतली पाहिजे. परंतु तिचे उत्तर परिचारिकेला अधिकार नाकारण्यात नाही, तर सखोल प्रशिक्षणात आहे. दुसरी भीती परिचारिकांच्या बाजूने आहे. वेतन, पद व कायदेशीर संरक्षण न देता केवळ जबाबदारी वाढविली, तर नव्या नावाखाली जुनेच शोषण चालू राहील. तसे झाल्यास प्रशिक्षित परिचारिका महानगरांकडे किंवा परदेशी जातील आणि पोलादपूरची स्थिती पूर्ववत राहील.

निष्कर्ष

१. महाराष्ट्रात परिचारिकांचे उच्च शिक्षण विस्तारले, परंतु त्याने शिकलेल्या परिचारिकेला मुख्यत्वे अध्यापन व प्रशासन यांकडे नेले.

२. विंचूदंशावरील संशोधनातून असे दिसते, की रुग्णशय्येजवळचे अखंड निरीक्षण हे ज्ञाननिर्मितीचे व जीवरक्षणाचे साधन आहे. मात्र त्यास शास्त्रीय ज्ञान व निर्णयाधिकार यांची जोड हवी.

३. पदव्युत्तर चिकित्सा-प्रशिक्षणातील प्रत्यक्ष कार्याचा काही काळ महानगरातील अतिदक्षता विभागाबरोबरच महाड, पोलादपूर यांसारख्या ठिकाणच्या ग्रामीण रुग्णालयांत व्यतीत व्हावा. विंचूदंश, सर्पदंश, घाटातील अपघात आणि दरडग्रस्तांवरील उपचार येथेच शिकता येतील.

४. प्रशिक्षणाबरोबर शासकीय सेवेत स्वतंत्र पद, त्यास अनुरूप वेतन व लेखी औषधोपचार-अधिकार असल्याशिवाय या शिक्षणाचा ग्रामीण रुग्णाला लाभ होणार नाही.

अखेरीस, स्थानिक महाविद्यालयांनाही या कामात वाटा उचलता येईल. या दोन तालुक्यांतील निवृत्त परिचारिका व प्रसाविका यांच्या मौखिक आठवणींचे संकलन इतिहास विभागांनी हाती घ्यावे. पूर, दरड व दंश यांच्या रात्री डॉक्टर येईपर्यंत त्यांनी कोणते निर्णय घेतले आणि कोणते अधिकार नसल्यामुळे घेता आले नाहीत, हे त्यांच्याच शब्दांत नोंदविले गेले पाहिजे. भावी अभ्यासक्रम आखणाऱ्यांना ती नोंद कोणत्याही परदेशी पाठ्यपुस्तकाइतकीच उपयुक्त ठरेल.