प्रोग्रॅमचें कूळ आणि मूळ

ऋषीचें कूळ आणि नदीचें मूळ शोधूं नये, असें म्हणतात. संगणकाच्या प्रोग्रॅमास मात्र हा न्याय लागू नाहीं. मनुष्य जें लिहितो ती प्रोग्रॅमची मूळ संहिता. तिजपासून यंत्रास चालवितां येईल असें रूप तयार करणें ही बांधणी. संहिता सुधारली आणि बांधणी जुनीच राहिली, तर यंत्र तीच चूक पुन्हां करितें.

अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत असाच प्रसंग घडला. स्टीव्ह जॉन्सन यांची सबंध सकाळ एका प्रोग्रॅमांतील दोष हुडकण्यांत गेली. दोष संहितेंतून आधींच काढलेला होता. त्या भागाची बांधणी तेवढी नव्यानें झाली नव्हती. ते संतापून स्टुअर्ट फेल्डमन यांच्या खोलींत आले. फेल्डमन यांचाहि आदल्या संध्याकाळचा कांहीं वेळ तशाच घोटाळ्यांत गेला होता. त्यांतून १९७६ सालीं 'मेक' हें साधन जन्मास आलें. संहिता व बांधणी यांच्या वेळा ताडून पाहावयाच्या, आणि संहिता नवी असेल तेवढाच भाग फिरून बांधावयाचा, हें त्याचें काम.

परंतु घड्याळ 'केव्हां' हें सांगतें. 'कोणत्या संहितेवरून' हें सांगत नाहीं. त्या प्रश्नाकडे त्याच प्रयोगशाळेंतील मार्क रॉचकाइंड यांनीं १९७२ पासूनच लक्ष घातलें होतें. त्यांची 'एससीसीएस' ही पद्धति संहितेच्या प्रत्येक आवृत्तीची नोंद ठेवी. आवृत्तीचा क्रमांक एका ठराविक खुणेसह संहितेंत घातला म्हणजे तो बांधणींतहि उतरे, आणि 'व्हॉट' ही आज्ञा तयार प्रोग्रॅमांतून तो वाचून दाखवी.

पुढें एकाच संहितेवर अनेक हात काम करूं लागले. ॲमस्टरडॅमचे अध्यापक डिक ग्रून यांनीं आपल्या विद्यार्थ्यांसह एकाच वेळीं काम करतां यावें म्हणून १९८६ सालीं 'सीव्हीएस' रचिलें. नोंदी एका कोठारांत, आणि प्रत्येकाची प्रत त्याच्या स्वतःच्या वर्कस्पेसमध्यें, अशी व्यवस्था झाली. तिजबरोबर नवी अडचणहि आली. अर्धवट दुरुस्त्या असलेल्या वर्कस्पेसवरून कोणी बांधणी केली, तर तिचें मूळ कोठारांतील कोणत्याच नोंदींत सांपडावयाचें नाहीं.

२००५ सालीं लिनस टोरव्हाल्ड्स यांनीं 'गिट' निर्माण केलें. त्यांत प्रत्येक नोंदीचें नांव तींतील मजकूर व तिचा पूर्वेतिहास यांवरूनच गणितानें काढितात. एक अक्षर बदललें तरी नांव बदलतें. हें नांव बांधणींत घालतां येतें. वर्कस्पेसमध्यें नोंद न केलेला फेरफार असेल, तर त्या नांवापुढें 'डर्टी', म्हणजे मळकट, असा शब्द जोडण्याचीहि सोय पुढें झाली.

हा शब्द कमीपणाचा खरा, पण प्रामाणिक आहे. आपलें मूळ नोंदींत नाहीं असें जी बांधणी उघड सांगते, तिजपासून धोका थोडा. स्वच्छ नांव मिरवून जी भलत्याच संहितेवरून आलेली असते, तीच घात करिते. नदीचें मूळ न शोधतां तिचें पाणी पितां येतें. प्रोग्रॅम बिघडला म्हणजे मात्र मुळाशीं जावेंच लागतें, आणि तेथवरची वाट बांधणाऱ्यानेंच आधीं आंखून ठेवावी लागते.