दांडी खाली कशी आली

बीडपासून वीसेक किलोमीटरवर, मांजरसुंब्याजवळ बालाघाटच्या कड्यात कपिलधार आहे. मन्मथस्वामींची समाधी, पावसाळ्यात कोसळणारा धबधबा आणि कार्तिकी पौर्णिमेला पायी येणाऱ्या वीरशैव दिंड्या यांसाठी हे ठिकाण ओळखले जाते. सायकलच्या दृष्टीने मात्र हा मुलूख परीक्षा पाहणारा आहे. हमरस्त्याला घाटाचा चढ, आत वळले की मुरमाड पाणंदी, आणि रोजच्या फेरीत शाळा, दुकान, दूध, शेत असे सगळेच. इथे रोजच्या ये-जेला आणि आडवाटेला चालेल अशी विजेवरची सायकल घ्यायची, तर दांडीची घ्यावी की बिनदांडीची? दुकानात बिनदांडीची सायकल आजही ‘लेडीज’ म्हणून बाजूला उभी असते आणि पुरुष गिऱ्हाईक तिच्याकडे वळत नाही. माझे म्हणणे असे की ही वाटणी चुकीची आहे. बिनदांडीच्या सांगाड्याला एकेकाळी एक खरे तांत्रिक वैगुण्य होते. ते मोटरने पुसले. उरला तो फक्त शिक्का, आणि तो शिक्कासुद्धा आपल्याच गावांनी एकदा पुसून दाखवला आहे.

या सांगाड्याचे मूळ सायकलला पायडल येण्याच्याही आधीचे आहे. कार्ल ड्राइसने १८१७ मध्ये जर्मनीत पायाने ढकलायची दुचाकी काढली. लंडनच्या डेनिस जॉन्सनने तिची सुधारलेली आवृत्ती केली आणि १८१९ मध्ये झगा घालणाऱ्या बायकांसाठी मधला भाग खाली वाकवलेली गाडीही बनवली. पुढे उंच चाकाच्या सायकलींच्या काळात हा विचार मागे पडला. १८८५ मध्ये जॉन केम्प स्टार्लीची रोव्हर आली. सारखी चाके, मागच्या चाकाला साखळी, आणि जमिनीजवळ आलेली बैठक. १८८८ मध्ये डनलॉपचा हवेचा टायर आला. बैठक खाली आल्यावरच पाय ओलांडायचा की मधून घालायचा हा प्रश्न पुन्हा जिवंत झाला आणि त्याच दशकाच्या शेवटी खाली वाकवलेल्या नळीच्या सायकली बाजारात आल्या. पण त्याच काळात पुरुषांच्या सायकलचा चौकटी सांगाडाही पक्का झाला, आणि तो उगाच जिंकला नाही. त्रिकोणात जोडलेल्या नळ्यांवर वजन पडले की त्या मुख्यतः ताणल्या किंवा दाबल्या जातात, आणि पोलादाची बारीक नळी ते सहज सोसते. वरची दांडी काढली की तोच भार उरलेल्या नळ्यांना वाकवू आणि पिळू लागतो. म्हणून नळी जाड करावी लागते, नाहीतर दोन नळ्या शेजारी-शेजारी घालाव्या लागतात. परिणामी बायकांची सायकल जास्त जड झाली. कपड्यांनी लादलेली ही किंमत पायांनी मोजावी लागली, आणि ती ज्यांनी मोजली त्यांना कोणी विचारले नव्हते.

महाराष्ट्रात ही गोष्ट थोडी वेगळी वळते. काष्टा घातलेल्या नऊवारीत दोन्ही पाय मोकळे असतात आणि त्या वस्त्रात घोड्यावर मांड ठोकता येते. म्हणजे दांडीची अडचण नऊवारीला फारशी नव्हती. ती खरी झाली पाचवारी गोल साडी रुळल्यावर. उलट धोतर नेसणारे पुरुष वर्षानुवर्षे दांडीच्या काळ्या सायकलवर सोगा सावरत टांग मारत राहिले, आणि ज्यांचा पाय सीटवरून पोचत नव्हता ती पोरे दांडीखालून पाय घालून हाफ पायडल मारत शिकली. दांडी कोणाच्या शरीराला सोयीची आहे याचा हिशेब त्या सायकलीने कधी केलाच नाही. विलायती सायकलीला मागच्या चाकावर झग्यासाठी जाळी असे. आपल्याकडे दुचाकीच्या मागच्या चाकाला बसवलेला साडी गार्ड त्याच गरजेतून आलेला आहे.

शिक्का पुसला गेला तो इंजिन आल्यावर. इटलीत कोरादिनो दास्कानियो या विमान-अभियंत्याने १९४६ मध्ये व्हेस्पा आखली. तिथे पत्र्याचे अंगच भार घेते, म्हणून मधली दांडी लागत नाही. बजाजने ही स्कूटर १९६० च्या दशकात आकुर्डीत बनवली, आणि १९७२ मध्ये चेतक आली. त्याच वर्षी कायनेटिकची लुना आली. इटालियन मोपेडवर बेतलेली, पन्नास सीसीची, आणि मुख्य म्हणजे पायडल असलेली. चढाला इंजिन दमले तर पाय मारायचे. मोकळा सांगाडा, पायडल आणि मोटर या तिन्ही गोष्टी ज्या गाडीत एकत्र होत्या ती मराठी घरांना पन्नास वर्षांपासून माहीत आहे. विजेवरच्या बिनदांडी सायकलला परकी वस्तू मानणे म्हणूनच मला पटत नाही. लुना, एम-८०, टीव्हीएस एक्सएल या गाड्यांची मधली मोकळी जागा मराठवाड्यातल्या शेतकऱ्याने काय काय वाहायला वापरली ते आठवून पाहा: खताचे पोते, गॅसची टाकी, फवारणीचा पंप, पुढे उभे राहिलेले पोर. त्या जागेला कोणी बायकी म्हटले नाही. आकार तोच होता. फरक एवढाच की तो आता पुरुषाच्या कामाला आला होता.

विजेची सायकलही जुनीच आहे. अमेरिकेत ऑग्डेन बोल्टनने ३१ डिसेंबर १८९५ रोजी मागच्या चाकाच्या हबमध्ये मोटर असलेल्या सायकलचे पेटंट मिळवले. तिची बॅटरी सांगाड्याच्या त्रिकोणात टांगलेली होती, म्हणजे तिथेही दांडीच हवी होती. पायडलवर पडणारा जोर ओळखून तेवढीच मदत देणारी सायकल यामाहाने १९९३ मध्ये जपानात आणली. पुढे लिथियमच्या बॅटऱ्या लहान झाल्या, खालच्या जाड नळीत मावू लागल्या, आणि मोकळ्या सांगाड्याची जागेची अडचण संपली. वजनाची अडचण किती उरली ते मोजून पाहू. ७० किलोचा माणूस आणि २५ किलोची सायकल, शंभर मीटरला सहा मीटर चढ, ताशी १० किलोमीटर वेग. फक्त वर चढायलाच सुमारे १५५ वॅट लागतात. बिनदांडीचा सांगाडा ३ किलोने जड असला तर त्यात सुमारे ५ वॅटची भर पडते. नुसत्या पायांनी घाट चढणाऱ्याला ती जाणवेल. मदतीला २५० वॅटच्या जरा आतली मोटर असेल तर ही भर विचारात घेण्याजोगीही नाही.

यावर पहिला आक्षेप असा येईल की सांगाडा अजूनही लवचतो. खरे आहे, स्वस्त सायकलीत लवचतो. दगडांवरून उड्या मारायच्या असतील तर दांडीचीच सायकल घ्यावी, त्यात वाद नाही. पण पाणंदीतून शेतावर जाणे म्हणजे उड्या मारणे नव्हे. तिथे दोन इंच किंवा जास्त रुंद टायर आणि आतून दाब देऊन घडवलेली जाड अ‍ॅल्युमिनियमची नळी पुरते. दुसरा आक्षेप असा की आता मुली सलवार, जीन्स घालतात, मग मोकळा सांगाडा हवाच कशाला? कपड्यांचे कारण गेले तरी शरीराचे राहते. मागे कॅरिअरवर पोते किंवा मूल असले की मागून टांग मारताच येत नाही. चढावर थांबलेली पंचवीस किलोची सायकल एका पायावर सावरून दुसरा पाय उचलणे हे गुडघे दुखणाऱ्याला धोक्याचे आहे. नेदरलँड्समध्ये वयस्क सायकलस्वारांचे पडणे अभ्यासणाऱ्यांचे लक्ष चढण्या-उतरण्याच्या क्षणाकडे गेले ते याचमुळे. तिसरा आक्षेप सर्वात वजनदार आहे: मग सरळ विजेवरची लुनाच का घेऊ नये? ज्याला रोज पन्नास किलो ओझे वाहायचे आहे त्याने जरूर घ्यावी. पण पाव किलोवॅटपेक्षा कमी ताकदीची मोटर आणि ताशी २५ किलोमीटरची मर्यादा पाळणाऱ्या सायकलला आपल्या नियमांत नोंदणी लागत नाही, परवाना लागत नाही. शाळकरी मुलगी आणि तिची आजी, दोघींनाही ती चालवता येते, आणि बॅटरी संपली तरी घरी परतता येते.

निवडताना म्हणून रंगाआधी काही गोष्टी पाहाव्यात. घाट रोजचा असेल तर मोटर पायडलजवळ असलेली बरी, कारण ती गिअरचा फायदा घेते. हबमधली मोटर स्वस्त आणि सोपी, पण मंद वेगाच्या लांब चढावर तापते. उताराला दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक हवेत. बॅटरी खालच्या नळीत किंवा सीटच्या नळीमागे असावी. कॅरिअरवर ठेवलेली बॅटरी वजन वर आणि मागे नेते, आणि सांगाड्याचे जुने दुखणे तिथेच उघडे पडते. ती काढून घरात नेता येते ना, हेही पाहावे. वीज केव्हा येईल याचा भरवसा नसलेल्या गावात हे महत्त्वाचे ठरते. शेवटी दुकानातच कॅरिअरवर वीस किलोचे ओझे बांधायला सांगावे, सायकल हळू चालवावी आणि हँडल हलकेच डावी-उजवीकडे झटकावे. मागचा भाग पुढच्याशी फारकत घेऊन डोलू लागला, तर ती सायकल घाटात नेऊ नये, मग तिला दांडी असो वा नसो.