डिलिव्हरी बॉय ‘कर्मचारी’ झाला तर पैसे कोण भरतं? स्पेनमध्ये काय घडलं?

हॉटेलबाहेर गाडीवर बसून ऑर्डरची वाट बघणारा रायडर तुम्ही रोज पाहता. त्या अर्ध्या तासाचे त्याला किती मिळतात? पैसे ऑर्डरमागे ठरले असतील, तर शून्य. कारण कागदोपत्री तो नोकर नाही, ‘पार्टनर’ आहे.

स्पेनच्या सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर 2020 मध्ये ग्लोव्हो कंपनीच्या एका रायडरला कर्मचारी ठरवलं. त्यानंतर सरकारनं ‘रायडर कायदा’ आणला. अॅपच्या अल्गोरिदमवरून काम वाटलं जात असेल, तर डिलिव्हरी करणारा कर्मचारीच मानायचा, असं हा कायदा सांगतो. 12 ऑगस्ट 2021 पासून तो लागू झाला.

मग खर्चाचं गणित कसं बदलतं? एक तर मालकाला सामाजिक सुरक्षेपोटी पगाराच्या सुमारे 30 टक्के रक्कम वर भरावी लागते. पण खरा फरक रिकाम्या वेळेचा आहे. ऑर्डरमागे पैसे देणाऱ्या कंपनीला शंभर जास्तीचे रायडर लॉग इन झाले तरी फुकटच पडतात. तासावर पगार द्यायचा म्हटलं की प्रत्येक तास मोजला जातो. शिफ्ट ठरतात, माणसं मोजकीच घेतली जातात. पगार पक्का होतो, पण ‘वाटेल तेव्हा अॅप चालू करा’ ही मोकळीक आटते. म्हणूनच स्पेनमध्ये काही रायडर या कायद्याच्या विरोधातही रस्त्यावर उतरले होते.

कंपन्यांनी तीन वाटा धरल्या. डिलिव्हरू नोव्हेंबर 2021 मध्ये देश सोडून गेली. तिथला धंदा तिच्या एकूण उलाढालीच्या 2 टक्क्यांहूनही कमी होता. जस्ट ईटनं कामगार संघटनांशी करार करून रायडरना नोकरीवर घेतलं. ग्लोव्हो मात्र जुन्याच पद्धतीवर अडून राहिली. तिला 2022 मध्ये 7.9 कोटी आणि 2023 च्या सुरुवातीला 5.7 कोटी युरोंचा दंड झाला, तरी ती हलली नाही. कायदा पाळणाऱ्याचा खर्च वाढला आणि न पाळणारा स्वस्तात धंदा करत राहिला, ही त्यातली सगळ्यात खटकणारी गोष्ट.

अखेर डिसेंबर 2024 मध्ये ग्लोव्होनंही रायडरना कर्मचारी करण्याचं जाहीर केलं. तिची जर्मन मालक कंपनी डिलिव्हरी हीरोनं 2025 च्या नफ्यावर यामुळे सुमारे 10 कोटी युरोंचा भार पडेल, असा अंदाज दिला. आधी हाच भार रायडरच्या खिशावर होता!

भारतानं वेगळी वाट घेतलीय. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत गिग कामगार कर्मचारी नाही. कंपनीनं वार्षिक उलाढालीच्या 1 ते 2 टक्के रक्कम त्यांच्या कल्याण निधीत भरायची, तीही कामगारांना दिलेल्या रकमेच्या 5 टक्क्यांच्या आत. यातून विमा, पेन्शन अशा योजना चालवता येतील. हॉटेलबाहेरच्या त्या अर्ध्या तासाचे पैसे मात्र या संहितेतही धरलेले नाहीत.