गोळी किती खोल बसवावी?

१८५७ च्या उठावाचा धडा शिकवताना काडतुसांना लावलेल्या चरबीचा उल्लेख आपण सगळेच करतो. ते कागदी काडतूस दातांनी तोडावे लागे, हेही सांगतो. पण तोडल्यानंतर शिपाई काय करी, हा प्रश्न वर्गात क्वचितच निघतो.

एन्फिल्ड ही ठासणीची बंदूक होती. शिपाई काडतुसातील दारू नळीच्या तोंडातून ओती, त्यावर चरबीच्या कागदासकट गोळी सरकवी आणि ती दारूला टेकेपर्यंत गजाने ठाशी. गोळी मध्येच अडकली तर खाली पोकळी राही. दारू पेटताच वायूंचा लोट अडलेल्या गोळीवर आदळे आणि नळी फुगण्याची किंवा फुटण्याची भीती असे. गोळी किती खोल बसली, हे सर्वस्वी शिपायाच्या हातात होते.

१८६६ पासून याच एन्फिल्ड बंदुकांच्या नळीची मागची बाजू उघडून तेथे झडप बसवण्यात आली. हीच स्नायडर बंदूक. तिच्यासाठी एडवर्ड बॉक्सर यांनी केलेल्या काडतुसात टोपी, दारू आणि गोळी पितळी पत्र्याच्या एकाच कवचात बंद होती. गोळीची खोली आता शिपायाऐवजी कारखाना ठरवू लागला.

असा एक कारखाना १८६९ साली पुण्याजवळ खडकीला सुरू झाला. सोलापूरहून मुंबईला जाताना पुणे सोडल्यावर लागते, तेच हे खडकी. पुढे येथे .३०३ रायफलीची काडतुसे बनू लागली. त्यांच्या बुडावर 'के' आणि 'एफ' ही इंग्रजी अक्षरे ठोकलेली असत. या काडतुसाचे कवच सुमारे ५६ मिलिमीटर आणि गोळीसह पूर्ण लांबी सुमारे ७८ मिलिमीटर.

ही लांबी इतकी काटेकोर कशासाठी? पहिले कारण साधे आहे. मागावरचा धोटा लांब झाला तर पेटीत बसत नाही, हे सोलापूरकरांना सांगायला नको. तसेच लांब काडतूस रायफलीच्या मॅगझिनमध्ये मावत नाही.

दुसरे कारण नळीतील आटे. गोळीला फिरकी देणाऱ्या या पेचदार खाचा काडतुसाच्या थोड्या पुढे सुरू होतात. गोळी फार बाहेर राहिली तर ती आधीच आट्यांना टेकते. मग तिला धाव घ्यायला जागा उरत नाही आणि सुरुवातीचा दाब वाढतो.

मग गोळी खूप आत दाबावी का? तेथे तिसरे कारण आड येते. गोळी जितकी आत, तितकी दारूसाठीची जागा कमी. कमी जागेत वायूचा दाब वाढतो, हे बॉइलच्या नियमावरून मुलांना ठाऊक असते. पण येथे गोष्ट तेवढ्यावर थांबत नाही. १८८४ मध्ये पॉल व्हिएय यांनी बिनधुराची दारू शोधली. या जातीची दारू दाब वाढला की अधिक वेगाने जळते, आणि वेगाने जळली की दाब आणखी वाढतो. .३०३ मध्ये १८९० नंतर वापरात आलेले कॉर्डाइट याच जातीचे. म्हणून मिलिमीटरच्या लहान फरकालाही महत्त्व आले. धोका दोन्ही टोकांना आहे. योग्य माप मधे कुठेतरी असते, आणि ते त्या रायफलीसाठी, त्या गोळीसाठी आणि त्या दारूसाठीच खरे.

बंगालमध्ये ईशापूरला बनलेल्या रायफलीत खडकीचे काडतूस शिपाई निर्धास्तपणे भरी. कारागिरांनी एकमेकांना पाहिलेले नसे. दोघांना जोडणारा दुवा म्हणजे आराखड्यावरची मापे आणि ती तपासणारे गेज. १९६४ मध्ये सुरू झालेल्या जळगाव जिल्ह्यातील वरणगावच्या कारखान्याचे ७.६२ × ५१ काडतूस घ्या. त्यातील ५१ ही केवळ कवचाची लांबी. गोळीसह ती सुमारे ७१ मिलिमीटर होते. उरलेले २० मिलिमीटर नावात नाहीत, पण सुरक्षितता त्यांवरही अवलंबून आहे.

परदेशांत काही नेमबाज आजही घरी काडतुसे भरतात. माप पुन्हा माणसाच्या हाती आले की जोखीमही त्याच्याच हाती येते. १८५७ चा धडा पुढच्या वेळी शिकवाल, तेव्हा चरबीबरोबर त्या गजाचीही गोष्ट मुलांना सांगावी. इतिहासाच्या तासाला विज्ञानाचा एक प्रश्न सहज निघेल.