मुक्या रोग्याचे इस्पितळ

मुंबईत घोड्यांची ट्राम ९ मे १८७४ रोजी सुरू झाली. जनावरांचे हाल थांबवू पाहणारी मंडळीही इथे त्याच साली स्थापन झाली. पुढे दिनशा पेटिट यांच्या देणगीने परळला बाई साकरबाई यांच्या नावाचे जनावरांचे इस्पितळ उभे राहिले. शेजारी १८८६ साली पशुवैद्यक कॉलेज निघाले.

इथला रोगी बोलत नाही. पोटशूळ उठला की घोडा जमीन उकरतो, वळूनवळून कुशीकडे पाहतो. त्याला ओकता येत नाही. म्हणून नाकातून नळी घालून पोट हलके करतात. लंगडत असेल तर नाल काढायची, खूर तपासायचा, पू झाला असल्यास वाट करून द्यायची. मग विश्रांती.

हेच औषध महाग! अंधेरी-बोरिवलीच्या स्टेशनाबाहेर टांगे उभे असत, त्या टांगेवाल्याचा विचार करा. घोडा आठ दिवस बांधून ठेवला, तर दाणा-वैरण चालूच आणि घरची चूल मात्र बंद. मग अर्धवट बरा झालेला घोडा पुन्हा जुंपायचा मोह त्याला कसा आवरावा?

घोड्यांची ट्राम १९०५ साली थांबली. सैरसपाट्याच्या व्हिक्टोरिया २०१५ साली उच्च न्यायालयाने बेकायदा ठरविल्या. पण ओझ्याचे जनावर जिथे आहे तिथे प्रश्न तोच. घोडा बरा करायचा, तर धन्याचे ते आठ दिवसही कुणीतरी सांभाळायला हवेत.