'लेन'ला १९९८ मध्ये काय दिसलं, काय दिसलं नाही

'डुवे' हे गाणं तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी रील्सच्या मागे ऐकलं असेल. बोआ या ब्रिटिश बँडचं. ते ज्या मालिकेचं टायटल साँग होतं, ती मात्र फार थोड्यांनी पूर्ण पाहिली आहे. 'सिरियल एक्सपेरिमेंट्स लेन'. जुलै ते सप्टेंबर १९९८, टीव्ही टोकियो वाहिनी, मध्यरात्रीनंतरची वेळ, एकूण १३ भाग. दिग्दर्शक र्यूतारो नाकामुरा, लेखक चिआकी कोनाका.

या मालिकेनं सोशल मीडियाचं भाकीत केलं होतं, असं आज सगळे म्हणतात. आज आपण तेच जरा तपासून बघू. शेवट फुटणार आहे बरं का. आधी मालिका बघायची असेल तर इथेच पॉज करा.

सुरुवात काळापासून. १९९५ हे वर्ष जपानला फार जड गेलं. जानेवारीत कोबेचा भूकंप. २० मार्चला टोकियोच्या भुयारी रेल्वेत ओम शिनरिक्यो पंथानं सारिन हा विषारी वायू सोडला. त्या पंथात विज्ञान शिकलेले तरुणही होते, म्हणून लोक जास्तच हादरले. त्याच नोव्हेंबरात विंडोज ९५ जपानी दुकानांत आलं. आपल्याकडे विदेश संचार निगमनं सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं तेही १५ ऑगस्ट १९९५ला. तेव्हा नेट म्हणजे घरातला फोन अडवून, मोडेमचा तो चित्रविचित्र आवाज ऐकत, एका टेबलाशी बसून करायची गोष्ट. खुर्चीतून उठलात की नेट संपलं. लेन टीव्हीवर चालू असताना, सप्टेंबर १९९८ मध्ये, गूगल कंपनीची नोंदणी झाली. फेसबुक यायला अजून पाचेक वर्षं होती.

अशा वेळी ही गोष्ट येते. चौदा वर्षांची अबोल लेन इवाकुरा. तिच्या शाळेतली चिसा नावाची मुलगी आत्महत्या करते आणि नंतर तिच्याच नावानं मुलींना ईमेल यायला लागतात. कोण पाठवतंय? या एका प्रश्नापासून लेन 'वायर्ड'मध्ये, म्हणजे त्या जगातल्या नेटमध्ये, खोल जात राहते. मग तिला कळतं, तिथे आणखी एक लेन फिरतेय. धीट, आगाऊ आणि दुष्टही.

मालिकेची पहिली ताकद इथेच आहे. नेटवरचे आपण आणि घरातले आपण वेगळे असू शकतो, आणि तो दुसरा 'आपण' आपल्या हातात राहत नाही, हे तिनं टेबलावरच्या इंटरनेटच्या काळात ओळखलं. दुसरी ताकद म्हणजे वातावरण. विजेच्या तारांची सतत गुणगुण, पांढरंफटक ऊन, सावल्यांमध्ये लालसर डाग. रस्त्यावर काहीच घडत नसतं, तरी पोटात गोळा येतो. तिसरी ताकद आठव्या भागात दिसते. लेनची मैत्रीण ॲलिस हिला एक शिक्षक आवडत असतात. ती मनातली गोष्ट वायर्डवर फुटते आणि अख्खी शाळा तिच्याकडे बघून कुजबुजते. ज्याचा स्क्रीनशॉट कधी ग्रुपवर फिरलाय, त्याला हा भाग वेगळा समजावून सांगायला नको.

आता उणिवा. रहस्यकथेत प्रेक्षकाला धागे द्यावे लागतात. इथे धागे हवेत सोडून दिलेत. खलनायक एइरी मासामी उशिरा येतो आणि उत्तरं लांबलचक भाषणांतून देतो. अकराव्या भागाचा मोठा हिस्सा जुन्याच दृश्यांचा. शूमान रेझोनन्स हे भौतिकशास्त्रातलं खरं प्रकरण आहे. पृथ्वी आणि आयनोस्फिअर यांच्यामधल्या विद्युतचुंबकीय लहरी, सुमारे ७.८ हर्ट्झच्या. पण त्यातून माणसांचे मेंदू यंत्राशिवाय जोडले जातील, याला काहीही आधार नाही.

नवव्या भागात तर मालिका स्वतःच्याच सापळ्यात अडकते. व्हॅनेव्हर बुश यांनी १९४५ला मांडलेली 'मेमेक्स' यंत्राची कल्पना आणि टेड नेल्सन यांचा झानाडू प्रकल्प हा इंटरनेटचा खरा इतिहास. त्याच्याच शेजारी रॉसवेलच्या उडत्या तबकडीची कहाणी तितक्याच गंभीर चेहऱ्यानं सांगितली जाते. फॉरवर्ड मेसेज असाच तर बनतो! अफवेबद्दल सावध करणारी मालिका इथे स्वतः अफवेची पद्धत वापरते.

आणि एक गोष्ट मला खरंच खटकते. मेलेली मुलगी म्हणते, मी फक्त शरीर सोडलंय. त्यामुळे मृत्यू एखाद्या दारासारखा भासतो. याला उत्तर थेट बाराव्या भागात मिळतं. ॲलिस लेनचा हात आपल्या छातीवर ठेवते आणि धडधड जाणवू देते. तेरा भागांतला सर्वांत खरा क्षण हाच. पण दहा भाग उशिरा. ऐकताना तुमचंच मन जड झालं असेल, तर टेलि-मानस, १४४१६, इथे फोन करा. तिथे माणूस बोलतो.

आता भाकिताकडे येऊ. ॲलिसची बदनामी लेन कशी मिटवते? सगळ्यांच्या आठवणीतून ती पुसून टाकते. शेवटी स्वतःलाही पुसते. चिसा पुन्हा जिवंत, कुणालाच काही आठवत नाही. कोणाला आठवत नसेल तर ते घडलंच नाही, हा मालिकेचा मूळ विचार. १९९८ मध्ये तो पटण्यासारखा होता, कारण तेव्हा बहुतेकांचं नेटवर जपून ठेवावं असं फारसं काही नव्हतंच. आज उलट झालंय. माणसं विसरतात, सर्व्हर विसरत नाही. दहावीतला फोटो नोकरीच्या मुलाखतीपर्यंत पोचतो.

म्हणजे अफवा कशी पसरेल, हे लेननं अचूक सांगितलं. ती पुसता येणार नाही, हे मात्र तिला सुचलं नाही. म्हणून मी तिला भाकीत म्हणणार नाही. नेट नवं होतं तेव्हाच्या भीतीचा आणि भाबड्या आशेचा तो पुरावा आहे, आणि इतिहासाला असे पुरावे फार कामाचे असतात. गंमत म्हणजे सगळं पुसल्यावरही, मोठी झालेली ॲलिस शेवटी लेनला बघून क्षणभर थबकते. ओळखल्यासारखं करते. डिलीटवर मालिकेचा स्वतःचाही पूर्ण विश्वास नसावा.

पाहिलीत तर रोज एकच भाग पाहा, तेराच्या तेरा एका रात्रीत नको. भेटू पुढच्या भागात!